खाली गाद्या

३ मार्च
आज लेकीच्या घरी मुक्काम हलवला. वरची खोली माझी: पलंग, टेबल, मोठी खिडकी, खाली फरशीचं अंगण. माझी ट्रंक वर आणताना जावई धापा टाकायला लागला. म्हटलं, मी चाळीस वर्षं सिनेमात नटांच्या बदली जिन्यांवरून पडलो, तू एका जिन्यात गारद? लेक पोट धरून हसली. नात दोन वेण्यांची, लेक लहानपणी होती तश्शी. तिने विचारलं, आजोबा, पडायचं कसं? सांगितलं, हनुवटी छातीला, अंग सैल, खाली गाद्या. आणि पडल्या पडल्या अंगठा वर. डोळ्यांपुढे अंधारी असली तरी आधी अंगठा, नाहीतर उद्याचं काम दुसऱ्याला जातं.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोक्याला मार किती वेळा बसला? म्हटलं, मोजायला शुद्धीवर कोण होतं? कुणी हसलं नाही. त्या म्हणाल्या, असा मार बसलेल्या सगळ्यांनाच पुढे स्मृतिभ्रंश होतो असं नाही, पण धोका वाढतो. माझ्यात तो सुरू झालाय. बाहेर लेकीने विचारलं, बाबा, ठीक आहात ना? मी सवयीने अंगठा वर केला. तिला रडू फुटलं. मलाही.

२ एप्रिल
नातीला शाळेतून आणताना रस्ता चुकलो. दोन तास. तिनेच मला घरी आणलं. आता तिला माझ्याबरोबर एकटं सोडत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. पण जीव तुटतो.

२० एप्रिल
खोलीत कुणीतरी येतं. चष्मा हलवतं. कपाटावर चिठ्ठ्या लावतं: कपडे, औषधं. अक्षर माझं आहे. मी लिहिलेल्या नाहीत.

मे असेल
एक बाई जेवण आणते. मला बाबा म्हणते. माझी लेक एवढीशी आहे, दोन वेण्यांची. विचारलं, कुठे ठेवलंस तिला? बाई नुसती रडते— मी आतून कडी घातली.

सकाळ
अंगणात— लेक. दोन वेण्या. एकटी खेळतेय. सापडली एकदाची.
ती बाई दार ठोठावतेय. बाबा, बाबा. रडणं ओळखीचं वाटतं— कुणाचं—
दार नको. खिडकी आहे. एवढंसं तर आहे. खाली गाद्या असतीलच, आपली माणसं विसरत नाहीत.
घाबरू नकोस पोरी, आलो. हनुवटी छातीला. अंग सैल. मग आधी अंग—