लग्नघराची तिसरी डिस्क

बेलापूर,
कोजागरीनंतरचा बुधवार

प्रिय वरद,

घरी सगळे ठणठणीत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण वहिनीचं हाताने लिहिलेलं पत्र बघून तू लगेच फोन लावणार. तर फोन लावायचा नाही. का नाही, ते शेवटी सांगते. उद्या शेजारचा कल्याण पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि चिवड्याचा डबा देते आहे. रिकामा डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत.

आधी बातमी. निकिताचे फोटो सोमवारी मुंबईला व्हिसाच्या कागदांबरोबर जमा झाले. अजिनाथभाऊ काल स्वतः स्टुडिओत पेढे घेऊन आले. "दमयंतीताई, तुमच्या दिरानं पोरीचा संसार वाचवला बघा," म्हणाले. अजिनाथभाऊंचं बोलणं नेहमीच ताणलेलं असतं, पण खोटं नव्हतं. त्या दिवशी फोनवर मी आभार मानायला लागले, तर तू "बरं बरं, झालं ना, ठेवू?" म्हणून मोकळा झालास. मानूच दिले नाहीस. आता कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, तेव्हा बस आणि वाच.

मुळात घोटाळा कसा झाला, हे तुला कुणी सांगितलेलंच नाही. खंडेनवमीला तुझा दादा दरवर्षी कॅमेरे, लेन्सा, ड्रोन सगळं पाटावर मांडतो, हे तू बघतच आलास. या वर्षी त्याच्या मनात आलं, की खरी लक्ष्मी तर कॉम्प्युटरच्या डब्यात आहे, तिची पूजा कधी झालीच नाही. त्यानं डबा उघडला आणि डिस्का बाहेर काढल्या. तीन निघाल्या. तो म्हणाला, "आपल्याकडं तर दोनच हायेत. ही तिसरी वरदची कसलीतरी जुनी, बंद पडलेली असंल. उगी आत ठेवून गेलाय." तिघींना हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली, मी आरती केली. मग दोन डिस्का परत डब्यात गेल्या आणि तिसरी दिवाळीच्या भंगाराच्या पोत्यात.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन सुरू केलं, तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. लग्नांचं फोल्डर नाही, काही नाही. आणि नेमकी तेव्हाच निकिता दारात. तिचा नवरा जर्मनीत, तिची व्हिसाची तारीख सोमवारची, आणि लग्नाचे विधी नीट दिसतील असे फोटो कागदांना जोडायचे होते. तुला वाटेल, लग्न मे महिन्यातलं, मग इतके दिवस फोटो दिले का नाहीत? अरे, अल्बमचं सिलेक्शनच होत नव्हतं. तिच्या सासूबाईंना प्रत्येक फोटोत स्वतःचा शालू दिसायला हवा होता. मोबाईलवरचे फोटो होते तिच्याकडे, पण त्यात सप्तपदीच्या पुढ्यात कुणाच्या तरी मामांची पाठ. ती काळ्या पडद्याकडे बघून रडायलाच लागली. हातची तारीख गेली की पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही म्हणे.

श्रीरामपूरहून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, फॉरमॅट मारावं लागेल, मग नव्यानं सगळं टाकू. मी म्हटलं, नव्यानं काय टाकणार, लोकांची लग्नं परत लावणार का? दादाचा चेहरा मात्र असा उतरला होता, की त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मी दुरुस्तीवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग दादा अजिनाथभाऊंना समजवायला त्यांच्या घरी गेला, आणि मी तुला फोन लावला.

तुझ्या-माझ्यात कधी अबोला नव्हता, पण तूच बसवून दिलेल्या त्या मशीनचं नाव काढून तुला फोन करायचा म्हणजे मला धीर गोळा करावा लागला. गेल्या वर्षीच्या गणपतीत तू दादाला एवढंच म्हणाला होतास, की जागा संपत आली आहे, एक डिस्क घेऊ. त्यावर तो म्हणाला, जुनी लग्नं पुसून टाकतो, आणि पगारी माणसानं धंदा शिकवू नये. तू उठून गेलास. त्यानंतर दिवाळीला आलास खरा, पण दोघं भाऊ एकाच ताटातल्या चकल्या खात होतात आणि बोलणं माझ्यामार्फत. "वरदला विचार, चहा घेतो का." "दादाला सांगा, घेतो." मी काय टपाल खातं आहे का, असं मला वाटायचं.

तर फोन. तू पहिलं वाक्य काय म्हणालास, आठवतं? "वहिनी, कशालाही हात लावू नका. आधी फक्त बघायचं." मला इतक्या गडबडीतही हसू आलं. मी या घरात आले तेव्हा तू चौथीत होतास. बंबाला लाकडं आणायला तुला पाठवलं, की तू ढिगात सरळ हात घालायचास आणि मी ओरडायचे, अरे विंचू असतो, आधी बघ, मग हात घाल. ते माझंच वाक्य इतक्या वर्षांनी तू मला ऐकवलंस. पासवर्ड म्हणून तू आपल्या जुन्या मांजरीचं नाव ठेवलेलं, ते मला पाठ होतंच. मग तू एकेक अक्षर सांगत गेलास. एल, व्ही, आणि त्याला चिकटून डिस्प्ले, मधे जागा सोडायची नाही. मी एका बोटानं टाईप केलं. ही कमांड फक्त दाखवते, काही बदलत नाही, असं तू दोनदा सांगितलंस, म्हणून तर माझं बोट त्या बटणावर पडलं.

पडद्यावर धडाधड ओळी आल्या. सुरुवातीलाच कसलीतरी ताकीद, एक डिस्क सापडत नाही म्हणून. मग नाव: लग्नघर. तू हे नाव ठेवलं होतंस, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्याखाली स्टेटस, नॉट अव्हेलेबल. मी म्हटलं, गेलं रे सगळं. तू म्हणालास, "वहिनी, नाव दिसतंय ना? मग लग्नघर आहे. फक्त दार बंद आहे." तीन डिस्का मिळून एकच मोठी खोली केली आहे, दार एकच, आणि त्यातली एक भिंत कुणी काढून नेली तर खोली दार उघडत नाही, असं तू समजावलंस. तू अगदी सहज तीन म्हणालास. मी तिथेच अडखळले. कारण मघाशी साईझच्या ओळीत मी जवळजवळ अकराचा आकडा वाचला होता, आणि आपल्याकडे चार-चार टीबीच्या दोनच डिस्का. कितीही ओढून ताणून आठाच्या वर जात नव्हतं. मी विचारलं, वरद, हे जास्तीचं आलं कुठून?

तू म्हणालास, थांबा, आधी अजून एक बघू. मग कमांडपुढे एक आडवी रेघ आणि एम टाकायला लावलंस. कुठला भाग कोणत्या डिस्कवर आहे, ते आलं. दोन डिस्कांची नावं आली आणि तिसरीच्या जागी अननोन. तेव्हा कुठे तू बोललास. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला मी आणि तुझा दादा सोनईला माझ्या माहेरी गेलो आणि तू पोट बिघडलंय म्हणून मागे राहिलास, तेव्हा ती लावलीस. अरे लबाडा! माझ्या आईनं तुझ्यासाठी अनारसे राखून ठेवले होते. आणि इकडे तुझा दादा वर्षभर गावाला सांगत होता, "मी म्हनत हुतो ना, जागा लई हाय. वरदला उगी घाई." मीही मान डोलावत होते.

मी तिथूनच ओरडले, तिसरी डिस्क, भंगाराचं पोतं उघडा! तर तुझ्या आई शांतपणे उठल्या, देवघरात गेल्या आणि डिस्क पदरात धरून घेऊन आल्या. हळदकुंकू तसंच, झेंडूची एक पाकळी चिकटलेली. "पुजलेली वस्तू भंगारात टाकत्यात व्हय? म्या तवाच काढून आनली," म्हणाल्या. मग हळूच, "आन् ती माज्या वरदनं लावलेली हाय. म्या बघितलंय. सांगू नको म्हनून शपथ घातली हुती पोरानं." सकाळपासून घरात आकांत चालला होता आणि ही बाई शपथ पाळत वाती वळत बसली होती. कॉम्प्युटर का बंद पडला, याच्याशी त्या डिस्कचा संबंध असेल, हे त्यांना कुठून कळणार? पण आईंच्या देवभोळेपणानं त्या दिवशी आपलं घर तारलं, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

पुढचं तुला माहीत आहे. मशीन बंद केलं, डिस्कवरचं हळदकुंकू पुसलं, केबल लागली, परत सुरू केलं. तीच कमांड परत टाकली आणि स्टेटसमध्ये अव्हेलेबल आलं, तेव्हा मी आणि निकिता गळ्यात गळा घालून रडलो. फोल्डर उघडलं तर पहिलाच फोटो अजिनाथभाऊंचा, फेटा डोळ्यांवर घसरलेला. सप्तपदी, कन्यादान, मंगळसूत्र, सगळं जागच्या जागी होतं. वरद, मी तुझी फार ऋणी आहे. त्या एका दिवसापुरती नाही. तू अपमान गिळलास आणि ज्यानं केला त्याचंच काम राखलंस, वर कुणाला कळू दिलं नाहीस. मी तुला वाढवलं असं लोक म्हणतात, तेव्हा आजवर मी संकोचायचे. आता खुशाल म्हणू देते.

आता जे तुला माहीत नाही ते. टाईप करायला मला दोन्ही हात लागत होते, म्हणून फोन स्पीकरवर होता. आणि दादा परत आला होता. मी पाठमोरी होते, मला समोरच्या काळ्या पडद्यात त्याची सावली दिसली, पण मी गप्प राहिले. ती डिस्क का लावलीस, असं मी विचारलं तेव्हा तू जे बोललास, ते त्यानं दारात उभं राहून ऐकलं. "दादानं एवढ्या लोकांची लग्नं जपली आहेत वहिनी. लोकांकडे नसतील, पण त्याच्याकडे आहेत. ती त्यालाच पुसू द्यायची का? त्याला सांगू नका." तो तसाच बाहेर गेला, आणि जरा वेळानं मोठ्यानं खाकरत आत आला, जणू आत्ताच येतोय. माझ्या हातातून डिस्क घेतली, "सरक, केबल मी लावतो," म्हणाला. त्याला इतकी वर्षं वाटत होतं, की त्याच्या कामाला तू हलकं समजतोस.

तेव्हापासून रोज सकाळी स्टुडिओ उघडला, की देवाला उदबत्ती लावून तो ती काळी खिडकी उघडतो आणि एकेक अक्षर शोधून ती कमांड टाकतो. सगळ्या ओळी वाचतो, काही करत नाही, बंद करतो. परवा मला म्हणाला, चौथी डिस्क घ्यावी लागेल, कोणती घ्यायची ते वरदला विचार. मी म्हटलं, टपाल खातं बंद झालं, तुम्हीच विचारा. दोन दिवस घुश्शात होता. आज सकाळी भिंतीकडे बघत म्हणाला, "रविवारी करतो फोन." म्हणून हे पत्र, आणि म्हणून तू आपणहून फोन करायचा नाहीस. तो फक्त डिस्कबद्दल बोलेल. माफीचं, आभाराचं त्याला जमणार नाही, तू वाट बघू नकोस, आणि तू सगळं जाणतोस हेही दाखवू नकोस. कंपनी कोणती, केवढी, कुठून घ्यायची, सगळं सावकाश सांग, जितकं लांबवता येईल तितकं लांबव. शेवटी तो विचारेल, दिवाळीत येऊन बसवून देशील का. तेवढ्याला हो म्हण. आणि रविवारी फोन हातातच ठेव, पहिल्या रिंगला उचल. तुझा दादा दुसऱ्यांदा लावणारा माणूस नाही.

तुझीच,
दमयंती वहिनी