गळ टाकून बसलेला दिवा

बाबा, तुमचा दिवा परवा भंगारवाल्याला दिला. शांती नगरची आपली बिल्डिंग आता पाडायची आहे, आईला माझ्याकडे आणलंय, आणि माळा रिकामा करताना तो सापडला. पाइपांचे सांधे गंजून एकजीव झाले होते. भंगारवाल्यानं विचारलं, "ये क्या है, आंटी?" मी म्हटलं, "नल का सामान है." तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

भाईंदरच्या गाळ्यात प्रेस मशीननं तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, त्याला हा दिवा करायला घेतलात तेव्हा पाच महिने झाले होते. स्टीलचे डबे बनायचे तिथे. शेठनं दवाखान्याचं सगळं केलं, पण कामावर परत कधी, ते काही बोलेना. तुम्ही दिवसभर गॅलरीत बसायचात, हात टॉवेलखाली झाकून. मग एका रविवारी आपण समुद्रकाठच्या पालीला आईच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. तिथे खडकावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तुम्ही कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. घरी आल्यावर नळदुरुस्तीचं जुनं सामान पलंगाखालून ओढलंत आणि तसाच म्हातारा जोडायला घेतलात. पाइप जोडायच्या एल्बोचे गुडघे झाले, तीन तोंडांच्या टीचे खांदे, पितळी नळाचं डोकं. हातात वाकवलेली सळई आणि तिच्या टोकाला माशाच्या जागी छोटा बल्ब. नळाची चावी फिरवली की बल्ब लागायला हवा, म्हणून बिघडलेल्या रेडिओचं फिरवायचं बटण आत बसवलंत. शेठला दाखवायचं होतं, की प्रेसवर नाही तरी फिटिंगच्या टेबलावर हा माणूस अजून चालेल.

तुमचा उजवा हात मी होते. एकोणीस वर्षांची. टायपिंगच्या क्लासहून आले, की तुम्ही माझ्या हातात पाना द्यायचात. मला ते आवडत नव्हतं. नखांत ग्रीस जायचं, आणि तुम्हाला कशाचंच समाधान नसायचं. शेवटच्या संध्याकाळी मी बल्बच्या होल्डरमध्ये वायर बसवत होते. मैत्रिणी खाली थांबल्या होत्या.

"घड्याळाकडे काय बघतेस? हाताकडे बघ!" तुम्ही ओरडलात. मग जरा वेळानं, "स्क्रू आवळलास ना नीट?"

"हो हो."

तुम्ही चावी फिरवलीत, बल्ब लागला, आणि आईनं आपल्या दोघांच्या हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आपण रिक्षानं भाईंदरला जातोय. दिवा माझ्या मांडीवर, रस्ता सगळा खड्ड्यांचा. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलाय. गाळ्यात मशिनं थांबतात, माणसं जमतात, कुणीतरी प्लग लावतं. तुम्ही डाव्या हातानं चावी फिरवता. काही नाही. परत फिरवता. आणखी एकदा. कुणीही हसत नाही. शेठ तुमच्या खांद्यावर हात ठेवतो, "काका, बहुत मेहनत किया आपने. अब घर पे आराम करो."

"कल चालू था, शेठ," तुम्ही म्हणता. "सच में चालू था." तो मान हलवतो, आणि मशिनं पुन्हा सुरू होतात.

 त्याच दुपारी, तुम्ही आत भिंतीकडे तोंड करून झोपला होतात तेव्हा, मी होल्डर उघडला. एक वायर सुटून बाहेर आली होती. तिचा स्क्रू मी अर्धाच फिरवला होता. तो आवळला, चावी फिरवली, बल्ब लागला. भर दुपारी तो उजेड धड दिसतही नव्हता. मी बंद केला आणि दिवा माळ्यावर, मागे, ढकलला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही पाने, पक्कड, सगळं खालच्या प्लंबरला देऊन टाकलंत. आईनं अडवलं, तर म्हणालात, "हातच चुकायला लागला, हत्यारं काय करायची?" मी शेजारीच भाजी निवडत होते. वर्षभरानं तुमच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत तुम्ही गेलात. त्या वर्षभरात आपण रोज समोरासमोर बसून जेवलो.

हे कुणाला पाठवायचं? आईला वाचून दाखवायची माझी हिंमत नाही, फाडूनच टाकेन. तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून मी गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं, बाबा. तुम्ही ओरडाल म्हणून गप्प बसले.