सोन्याच्या रानात सुटलेला हात

बाई, तुम्ही गेलात त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. मी आता तुमच्याहूनही म्हातारा झालोय, तरी तुम्हाला लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटतेच. उद्या सकाळी इथे लंडनला, हॅरोच्या घरी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक बाई येणार आहे. ती मला काही प्रश्न विचारेल, आणि माझ्या उत्तरांवरून माझी बायको माझ्यापाशी राहणार की केअर होममध्ये जाणार, ते ठरेल. तिचं मन गेली तीन वर्षं पुसलं जातंय. तुम्ही तास संपल्यावर फळा पुसायच्या ना, वरून खाली, घाई न करता, तसं. मुलाचं नाव गेलं, हे घर गेलं, संध्याकाळ झाली की "मला घरी सोडा" म्हणून दार धरून बसते. माझं नाव ती कधी घेतच नसे, त्यामुळे ते गेलंय की अजून आहे, हे कळायला काही मार्ग नाही.

गेल्या महिन्यात मुलाने गाडी काढली. तो बेसिंगस्टोकला असतो, जन्मही इथलाच. "बाबा, आईला थोडा फ्रेश एअर पाहिजे. तुमचा तो सोन्याचा गावाला जाऊ या," म्हणाला. वेल्समध्ये सोन्याच्या खाणींचं एक जुनं गाव आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथे गेलो होतो. त्याच्या नावात असा एक ल आहे की आपल्या ळ-नेही हात टेकावेत, म्हणून आमच्या घरात ते सोन्याचं गाव. खाणी कधीच्या बंद पडल्या, त्यांच्यावर रान माजलं, आणि ज्या वाटांनी दगड वाहून न्यायचे त्या आता माणसांना फिरायला ठेवल्यात. ओकची झाडं, पिवळे पडलेले बर्च, गुडघाभर तांबूस नेचे, दगडादगडावर ओलं शेवाळ. ठरावीक अंतरावर खांब, खांबावर पिवळा पट्टा. "पिवळ्याच्या मागे जायचं, बस. कोणी पण हरवू शकत नाही," मुलगा म्हणाला. थोडं चाललो आणि ती थंडी वाजते म्हणाली. तो तिचा कोट आणायला कार पार्ककडे परत निघाला. जाताना म्हणाला, "बाबा, तिचा हात धरून ठेवा हं." मी धरला होता.

पुढचा दीड तास ती सापडत नव्हती. मोबाइलला सिग्नल नाही, खाली नदीचा आवाज, आणि मी ओरडतोय, "अगं! अगं ए!" मीही तिला चारचौघांत कधी नावाने हाक मारली नाही, बाई, आणि त्या दिवशी रानात एकटा असूनही जीभ वळेना. मुलगा एका वाटेने "आई, आई" करत पळतोय, मी दुसऱ्या. पिवळे खांब मोजत होतो, ते मोजणंही विसरलो. प्रत्येक वळणावर वाटे, आता खाली पाण्यात तिची शाल दिसणार. शेवटी एका जुन्या खाणीच्या तोंडाशी, लोखंडी जाळीला टेकून ती बसलेली दिसली. शेजारी कुत्रा घेऊन फिरायला आलेली एक बाई, आपला कोट तिच्या खांद्यावर घालून थांबलेली. "शी इज फाइन, लव्ह. चॅटिंग अवे, शी वॉज," ती मला म्हणाली. मी गुडघ्यांवर बसून बायकोचे गार हात हातांत घेतले. तिने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि अगदी सौजन्याने म्हणाली, "तुम्ही कोण? आमच्या ह्यांची कविता चाललीय तिकडे. संपली की येतील ते."

गाडीत बसून निघालो. मग मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही आईचा हात सोडला?" त्याचं मराठी असं की बस चुकली तरी तो बस सोडली म्हणतो. मी त्याच्यावर खेकसलो, "सोडला नाही, सुटला म्हणायचं! किती वेळा सांगायचं?" "सॉरी बाबा. सुटला," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसंच. घरी आल्यावर कौन्सिलला फोन केला तेव्हाही त्याने तेच सांगितलं, तिचा हात निसटला म्हणून.

तुम्हाला आमचं चौथीतलं वनभोजन आठवतं का? जोड्या लावल्या होत्या, आणि माझा जोडीदार करवंदांच्या जाळीत दुपारभर सापडला नव्हता. "हात सुटला, बाई," मी रडत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सुटला म्हणजे कर्ता हात. सोडला म्हणजे तू. क्रियापदाआड लपतोस होय रे?" मारलं नाहीत. संध्याकाळी घरी बोलावलंत, स्वयंपाकघरात तुम्ही तांदूळ निवडत बसला होतात, आणि समोर बसवून पाच कडव्यांची ती कविता माझ्याकडून चालीवर पाठ करून घेतलीत. म्हणालात, "टाळी दे, म्हणजे चाल पळणार नाही." खडे वेगळे होत होते आणि मी टाळ्या देत होतो. ती शिक्षा होती की बक्षीस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी काय करू, बाई? खरं सांगितलं तर तिला नेतील. तिथे तिची वेणी कोण घालेल, आणि "घरी सोडा" म्हणाली तर मराठीत "हो" कोण म्हणेल? खोटं सांगितलं तर ती इथे राहील, एका अशा माणसाच्या भरवशावर, ज्याचा भरवसा त्याला स्वतःलाच नाही. पुढच्या वेळी तिथे खाणीचं तोंड नसेल, नुसती नदी असेल. रात्री तिचं मनगट लुंगीने माझ्या मनगटाला बांधून झोपतो. ती रडते, मी सोडतो, पुन्हा बांधतो. यापलीकडे मला काही सुचत नाही. उद्या कौन्सिलची बाई यायच्या आधी मुलाला फोन करून क्रियापद दुरुस्त करून देणार आहे. मग नेतील तर नेतील.

पण एक गोष्ट त्यालाही सांगवणार नाही, कौन्सिलच्या बाईच्या फॉर्मवरही त्यासाठी जागा नसेल, म्हणून हे लिहितोय. पत्ता नाही, पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. मुलगा गेल्यावर त्या रानात मला एकदम ती कविता आठवली. कित्येक वर्षं दोन कडव्यांपुढे जात नव्हती, ती सगळी, चालीसकट. टाळी द्यायला दोन्ही हात लागतात. चौथ्या कडव्याला ती वळणाआड जाताना मला दिसली होती, बाई. पाचवं राहिलं होतं. ते मी म्हणून पुरं केलं.