गणवेशाच्या आत

सोमवार, ७ जुलै
तन्वीनं मोबाईलवरची कोरियाची सिरियल आता टीव्हीवर लावलीय. बोलतात हिंदीत, जेवतात काड्यांनी. शाळा मात्र आपल्यासारखीच. चार पोरी एका गरीब पोरीला संडासात कोंडून हाणतात. बाप गप, मास्तर पैशावाल्यांचा. म्या टीव्हीला शिव्या घातल्या. सून म्हणली, आई, खोटं असतं ते. तन्वी, नात माझी, नववीत हाय, ती हसली. "येड्या आहेत त्या चौघी, आजी. तोंडावर मारतात का कधी? दिसतं ना."
घास तसाच राह्यला हातात.

बुधवार, ९ जुलै
आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत शोभा भाड्यानं राहते, परभणीकडची. नवरा गणपत कंपनीत प्रेसवर. त्यांची आरती तन्वीच्याच वर्गात. दोघी आमच्या गाडीतनं शाळेत जायच्या, मीच जोडून दिलेल्या. आज आरती पायी निघाली. चाकणच्या रस्त्याला कंटेनर कसे पळतात, माहीत हाय. इचारलं तर शोभा म्हणते, लेकराला गाडी लागते. मागलं वर्षभर न्हाई लागली ती?
पोरगी पाठ भिंतीला लावून उभी. पाठ काही दाखवंना.

शनिवार, १२ जुलै
शाळा दुपारी सुटली. खोल्यांच्या मागं हौदावर धुणं घेऊन गेले. तन्वीनं आरतीची येणी मनगटाला गुंडाळलेली, डोकं पाण्यात. तिच्या दोन मैत्रिणी, एक मोबाईल धरून. वर काढायचं, "सांगशील घरी?" म्हणायचं, परत पाण्यात. पोरीचे पाय फरशीवर घसरत व्हते.
धोपाटणं उचललं आन् नातीच्या मनगटावर घातलं. हाड वाजलं. येणी सुटली. तन्वी माझ्या दंडाला चावली, कुत्र्यावाणी. मैत्रिणी पळाल्या.
आरतीचा ओला गणवेश वर केला. पाठभर कर्कटकाची भोकं. काही सुकलेली, काही पिकलेली. सगळी गणवेशाच्या आत. बाहेर एक न्हाई.

रविवार, १३ जुलै
तन्वीच्या हाताला प्लास्टर. विलासला, ल्योकाला, सगळं सांगितलं. पोरींची भांडणं म्हणे.
गणपत आला. आधी नीट बोलला, अण्णा अण्णा करत. विलासनं खोली खाली करायची भाषा काढली. तवा त्यानं वीट उचलली आन् गाडीची काच फोडली. विलास आन् त्याचे दोन पंटर, तिघांनी त्याला अंगणात पाडून तुडवला. बरगड्यांवर बूट. शोभा आडवी आली, तिलाबी ढकलली. सून आत रिकामा मिक्सर लावून बसली, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. तन्वी वरनं बघत व्हती.
रक्त म्या धुतलं. दोन दात सापडले. कागदात बांधून ठेवलेत, का ते ठाऊक न्हाई.

सोमवार, १४ जुलै
सिरियल बंद. सून म्हणते, तिनंच पोर बिघडवली. म्हटलं, पाठीवरची भोकं सिरियलच्या आधीची हायत.


मंगळवार, १५ जुलै
भावकीतले चौघे जमले. आमच्यात असंच मिटतं. नारळ, खण, ओटी. सवाशीण बाई ओटीला न्हाई म्हणत न्हाई, तेवढ्यावर सगळ्यांचा भरवसा. खण म्याच काढून दिला. वाटलं, पोरीची शाळा तरी चालू राहील.
शोभाला पाटावर बसवली. सुनेनं कुंकू लावलं, ओंजळ पुढं केली. शोभानं पदर धरलाच न्हाई. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. तांदूळ सांडले, नारळ गडगडत विलासच्या पायाशी गेला. ती माझ्याकडं बघून म्हणली, "मावशी, आधी लेकराची पाठ बघा म्हणावं ह्यांना. मग ओटीचं बोला."
चौघांनी चपला शोधल्या. विलासनं पाटाला लाथ घातली, शोभा त्यावरून उठायच्या आत. ती तोंडावर पडली, कपाळ फुटलं.

बुधवार, १६ जुलै
गणपत तसल्या तोंडानं चौकीत जाऊन आला. हवालदार माझा जबाब घ्यायला आलाय, अंगणात खुर्चीवर च्या पितोय. हौदावरचं बघणारी मी एकटी, असं शोभानं लिहून दिलंय. लुगडं बदलते म्हणून आत आले.
विलास मागोमाग. "आई, शनिवारी तू झोपली व्हतीस. एवढंच म्हण."
म्हटलं, मंग पोरीचा हात कुणी मोडला?
"जिन्यावरनं पडली."
तोंडात तयारच व्हतं त्याच्या.
तन्वी दारात. "आजी, मला नेतील का गं?" डोळ्यात पाणी. खरं का खोटं, मला आता तिचं काय कळत न्हाई. हात फिरवावा वाटला. न्हाई फिरवला. दोघांना बाहेर घालवून कडी लावली.
खिडकीतनं दिसतंय. समोरच्या ओट्यावर शोभा, डोक्याला फडकं. आरती शेजारी, ताठ, कशालाच न टेकता बसलेली.
विलास दार वाजवतोय, लुगड्याला किती वेळ म्हणून. लुगडं कधीच नेसून झालंय.