सरकारी पेटीतले पत्र

ग्रे नेक, ता. ४ मार्च १८२२

चि. हिटीस एनॉसमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शनिवारी पोचले. वर टपालखर्च माफ करणारी थोरल्या साहेबांची सही बघून टपालवाल्याने टोपी काढली. त्याला वाटते, माजी राष्ट्राध्यक्ष मला देशाचा सल्ला विचारतात. विचारत होते ते गवताचे, हे मी त्याला सांगितले नाही.

गुडघा दुखतोच आहे. दोन कोंबड्या अंड्यांवरून उठल्या. खडकावरच्या त्या सरकारी दिव्याचा उजेड थेट खुराड्यात येतो, मग त्यांना दिवस मावळलेला कळणार कसा? माझ्या खिडकीला मी चोवीस वर्षे शिडाचे कापड लावून आहे. कोंबड्यांना किती कापडे लावू?

आता मुख्य. तू लिहितेस की साहेबांचा नातू त्यांचा सगळा पत्रव्यवहार छापणार, सरकारी एका भागात, खासगी दुसऱ्यात, आणि नकला करायला तुला बसवले आहे. तुझ्या अक्षराचे कौतुक झाले, बरे वाटले. पण पुढे लिहितेस की साहेबांनी माझीही पत्रे जपून ठेवली आहेत! हे वाचून माझ्या हातातला चहा सांडला. अगं, साहेब राजधानीत होते तेव्हा त्यांचे इथले खारवटीचे रान मी बघायचो. ते दर पंधरवड्याला विचारत, दगडी भिंत कुठवर आली, गवताच्या गाड्या किती झाल्या, शेतात खताला शेवाळ टाकले का. मी जमेल तसे उत्तर देई. माझी शाळा दोन हिवाळ्यांची. ते सगळे आता बोस्टनचे लोक वाचणार?

हसले तर हसोत. पण त्यात एक पत्र सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरचे आहे. मोहोर लावायला लाख नव्हती म्हणून मी ते तांबड्या दोऱ्याने शिवले होते. ते शोध, वाचू नकोस, आणि चुलीत टाक. कारण विचारू नकोस. आईला तर यातले अवाक्षर सांगू नकोस.

लोभ आहेच, तो माझ्यावर पुढेही राहू दे.

तुझा मामा,
एनॉस विंसलो


ता. ११ मार्च १८२२

ती. एनॉसमामांस, सा. न. वि. वि.

तांबडा दोरा! मामा, कुणा विधवेला मागणी घातली होती की काय, आणि तीही राष्ट्राध्यक्षांमार्फत? आईला काही बोलले नाही. मामा कसा आहे, असे तिने विचारले. मी म्हटले, कुरकुरतोय. ती म्हणाली, म्हणजे बरा आहे.

इथे दोन पेट्या आहेत. हिरवी खासगी पत्रांची, लोखंडी पट्ट्यांची काळी सरकारी. हिरवी मी तळापर्यंत उपसली. तुमची एकसष्ट पत्रे निघाली, दोऱ्याचे एकही नाही. प्रत्येक पत्राच्या पाठीवर साहेबांनी स्वतः टिपून ठेवले आहे, कोणाचे, कधीचे, कशाबद्दल. एकावर आहे, "विंसलो. भिंत." पुढच्यावर, "विंसलो. पुन्हा भिंत." हसून हसून माझ्या हातून शाई सांडली. साहेबांना आता दिसत नाही, हातही थरथरतो, पण तुमचे नाव काढले की खुलतात. म्हणतात, त्या काळात मला "होय साहेब" न म्हणणारा तो एकच होता.

पुढच्या आठवड्यात काळी पेटी उघडू. तिथे सगळे मंत्री आणि वकील; तुम्ही त्यांच्यात कसे असाल? पत्र सापडले तर मी ते वाचणार नाही, हा माझा शब्द. जाळणे मात्र माझ्याच्याने व्हायचे नाही. तुमचे तुम्हाला पाठवीन.

गुडघ्याला फ्लॅनेल बांधा. माया आहे तशीच ठेवावी.

आपली भाची,
हिटी


ग्रे नेक, ता. १६ मार्च १८२२

चि. हिटीस आशीर्वाद.

सापडले नाही म्हणजे साहेबांनी तेव्हाच फाडले असणार. मलाही तसेच वाटत होते. मी इतके वेडेवाकडे लिहिले, आणि त्यांचे उत्तर आले दोन ओळींचे. भिंतीची घाई नको, तब्येतीला जपा. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही. माणूस रागावला की असेच करतो.

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. आज घोडागाडी जोडून निघणारच होतो, पण मग कोंबड्यांकडे कोण बघणार?

तुला थोडे सांगून ठेवतो. त्या पत्रात तुझ्या वडिलांचे आहे. तू चार वर्षांची होतीस. जोसाया दूर मासेमारीच्या पट्ट्यात वादळात गेला, असे मी तुझ्या आईला सांगितले होते. तेच धरून चाल. पत्र निघाले तरी तेच धर. इतक्या वर्षांनी तुम्हा दोघींच्या नजरेतून उतरलो, तर मला दुसरे कोणी नाही.

आहे तो लोभ राखावा, एवढेच मागणे.

मामा


ता. २५ मार्च १८२२

ती. एनॉसमामांस, सा. न. वि. वि.

पत्र काळ्या पेटीत सापडले.

मी शब्द मोडला नाही. दोरा दिसताच ते बाजूला ठेवले. पण साहेबांच्या नातवाने ते उचलले. रोज तो साहेबांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि मी ऐकून नक्कल करते, तसेच झाले. मी उठायला हवे होते, पण हात लिहीतच राहिला.

तेव्हा मला आता कळले आहे. वडील दूर कुठे गेले नाहीत. धुक्यात त्यांची नाव तिथेच, ग्रे नेकच्या खडकावर आपटली. तासभर ते हाका मारत होते. तुम्ही आणि आणखी दोघे होडी घेऊन दोनदा गेलात, आवाज कोणत्या बाजूचा ते कळेना, आणि तुम्ही परत फिरलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही राष्ट्राध्यक्षांना लिहिलेत, मला भिंतीचे काय विचारता, तुमच्या सरकारला त्या खडकावर एक दिवा ठेवता येत नाही का, आम्ही कर भरतो तो कशाला.

"जोसाया" हे नाव आले तेव्हा नातू थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. साहेब म्हणाले, वाच, तिला ऐकू दे.

पाठीवर त्यांचे अक्षर आहे. "विंसलो. खडकावर दिवा. हिवाळा संपताच काम सुरू करावे." सोबत खजिन्याला दिलेल्या हुकमाची नक्कल जोडली आहे. म्हणून ते सरकारी पेटीत होते. मी साहेबांना विचारले, मामाला का नाही कळवलेत? ते म्हणाले, माणूस गेल्यावर दिवा लावला, हे त्याला कोणत्या तोंडाने लिहिणार होतो? म्हणून भिंतीचे लिहिले.

तुमचे दुसरे सांगणे मात्र मी मोडले. आईला सांगितले. ती वाटाणे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, त्या दिवशी ग्रे नेकच्या आपल्या घराचीही खिडकी उघडीच होती. मामा, तिनेही हाका ऐकल्या होत्या. तुम्ही छातीपर्यंत भिजून दारात आलात आणि लांबच्या वादळाचे सांगू लागलात, तेव्हा तिला वाटले, या थापेची गरज मला नाही, यालाच आहे. असू दे त्याच्याजवळ.

नातू तुमची परवानगी मागतो. छापू का?

नजरेतून उतरण्याचे पुन्हा लिहाल तर मी स्वतः येऊन भांडेन. लोभ वाढलाच आहे.

हिटी


ग्रे नेक, ता. ३ एप्रिल १८२२

चि. हिटीस आशीर्वाद, आणि तुझ्या आईस, ती. पेशन्सताईस नमस्कार.

पत्र तीनदा वाचले. उत्तर लिहायला आठवडा लागला, त्याला गुडघा कारण नाही.

छापा. सरकारी भागातच छापा. नातवाला सांग, भाषा सुधारायची तर सुधार, पण मी परत फिरलो ते वाक्य गाळायचे नाही. साहेबांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावे, भिंत पुरी झाली आहे. त्यांनी मग विचारलेच नाही.

ताई, मे महिन्यात हेरिंग माशांचे थवे खाडीत शिरले की इकडे ये. समुद्राकडची खोली तुला देतो. खिडकीवरचे शिडाचे कापड मी काढले. धुऊन त्याचे कोंबड्यांना पडदे केले, आता त्या गप्प आहेत. दिवा लागला की उजेड पलंगाच्या पायापर्यंत येतो. त्रास होतो, पण होऊ दे.

काल संध्याकाळी दाट धुके होते. एक नाव खडकाला वळसा घालून सरळ आत आली. कोणाची होती, ते बघायला मी गेलो नाही. खिडकीतूनच हात हलवला.

तुम्हा दोघींचा लोभ आहे, हे आता मला ठाऊक आहे.

एनॉस