नवी गिटार जुनी करताना

७ जुलै १९८९, शुक्रवार
डोंबिवलीहून आत्ता आले. पेडणेकरांच्या ऑर्केस्ट्राची ट्रायल दिली! चार गाणी. तिसऱ्यात एक कॉर्ड चुकला, तरी पे. मान डोलवत होते. (आता नुसतं पे. लिहिणार, नाव लांबलचक आहे.) त्यांचे गिटारवाले सामंतकाका, साठीचे, खांदा धरलाय. नवरात्रात त्यांच्या जोडीला कुणीतरी हवंय.
पे.: "वाजवतेस झकास. पण हे वाद्य तुझं नाही ना?"
नाही. क्लासमधल्या राकेशचं. तो परवा मस्कतला चाललाय, गिटारसकट.
"मग स्वतःची आण. आणि ते देशी खेळणं नको हां. इम्पोर्टेड पाहिजे. मुलगी गिटार वाजवणार म्हटल्यावर लोक आधी गिटारच बघणार."
इम्पोर्टेड! कारखान्यात कॉइल गुंडाळणाऱ्या मुलीने इम्पोर्टेड कुठून आणायची?
लोकलमध्ये कळव्यापर्यंत तोंड पाडून बसलेले. मग एकदम डोक्यात आलं. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे आहे काय? लाकूड, तारा, आणि तारांखाली लोहचुंबकाभोवती एक कॉइल. कॉइल!! मी दिवसभर दुसरं करते काय?
बनवणार. मीच.

१४ जुलै, शुक्र.
सुट्टी. (कारखाना वागळे इस्टेटीत, तिथे शुक्रवारी सगळं बंद, देवाची कृपा.) कल्याणला गेलेले, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या अंधाऱ्या दुकानात. म्हातारबुवांनी माळ्यावरून काढून दिली: जपानी गिटारची मान. धड तुटून गेलेलं, मान शाबूत. पडदे थोडे झिजलेत, खुंट्या सहाच्या सहा फिरतायत. वरचं नाव कुणीतरी खरवडून टाकलंय.
"धड कुठलं लावणार?"
"मामा करेल."
"मामा गिटार करतो?"
"होड्या करतो."
हसत सुटले. वर एक तारांचा सेट फुकट दिला.

१६ जुलै
मामाकडे, खाडीवर. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्या चेंदणी कोळीवाड्यात होडी गळायला लागली की सगळे त्यालाच हाक मारतात. मी म्हटलं, जुन्या होडीची फळी दे, आयती जुनी दिसेल. मामाने वेड्यात काढलं. "तिच्यात खिळं किती, मीठ किती! वर्षात फाटंल ती." मग खोपीच्या मागून फणसाची फळी काढली. कुणाच्या तरी देव्हाऱ्यासाठी ठेवलेली. पिवळीधमक, बोटाने ठोकली तर टण्ण बोलते.
मासिकातल्या फोटोवरून खाकी कागदावर आकार काढला. मोठ्या गोलाईला आईची परात, छोट्याला पितळेची ताटली. आई बघत होती. "मांडव सजवतंस का कं?"

२१ जुलै, शुक्र.
धड कापून झालं! मामाची करवत, माझी कानस. खांदे भरून आलेत पण काय दिसतंय!!
मग घोळ. बाराव्या पडद्यापासून वरच्या टोकाचं अंतर जेवढं, तेवढंच खाली तारा टेकतात त्या घोडीपर्यंत हवं. नाहीतर सगळे सूर बेसूर. मी माप घेतलं चौदाव्या पडद्यापासून. घोडीची भोकं चुकीच्या जागी. रडायलाच आलेलं. मामाने त्याच लाकडाच्या खुंट्या केल्या, भोकांत ठोकल्या, घासल्या. शोधून सापडणार नाहीत. म्हणे, "होडी तर रोज चुकते. बुजवायचं नि पुढं जायाचं."

२६ जुलै
कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत. सुपरवायझर कुलकर्णीबाईंना सरळ विचारलं. रिळाच्या शेवटी उरलेली तार भंगारात जाते ती मिळेल का? "कशाला गं?" सांगितलं. मशीन सुरू करून देऊन स्वतः शेजारी डबा उघडून बसल्या.
केसाहून बारीक तार. कपाटाच्या दाराला लावतात ते लोहचुंबक, त्याभोवती वेढे. आठ हजार करायचे ठरवलेले. पाच हजारांवर तार तुटली. भोंगा वाजला. उद्या पुन्हा पहिल्यापासून.

२८ जुलै, शुक्र.
काल दुसऱ्या दमात झाले! पूर्ण आठ हजार. कुलकर्णीबाईंनी माझ्या आधी टाळी वाजवली. आज कॉइल मेणबत्तीच्या पातळ मेणात बुडवली, म्हणजे आवाज वाढवला की शिट्टी मारणार नाही. (दुरुस्तीवाल्या म्हातारबुवांचा सल्ला.)

४ ऑगस्ट, शुक्र.
वाजली!!!
रेडिओच्या मागे ग्रामोफोनची पिन घालायची जागा असते तिथे जोडली. आधी नुसती घूंऽऽ. तारांना हात लावला की घूं बंद, सोडला की चालू. म्हणजे घोडीला अर्थिंगची वायर नाही! एक टाका झाळला. शांत. मग सगळ्यात जाड तार छेडली.
काय सांगू. घरातली भांडी वाजली. बाबा जाळं विणत दारात बसलेले, सुई तशीच हातात. शेजारची काकी धावत आली, म्हणाली रेडिओवर लागलंय काय. मी लागलेय काकी, मी!
तासभर सोडली नाही. आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "त्ये मगाचं परत वाजव." ती आजवर माझ्या वाजवण्याला चांगलं-वाईट काहीच म्हणाली नव्हती.

११ ऑगस्ट, शुक्र.
रंग दिला. घोडबंदर रोडवर गाड्यांना स्प्रे मारणारा पेंटर आहे, त्याने दोन हात मारून दिले. सायीचा रंग. घरी आणली आणि मन खट्टू. चकचकीत. दवाखान्यातल्या फ्रीजसारखी दिसते. हेच ते 'देशी खेळणं'. पे. दारातूनच परत पाठवतील.
सामंतकाकांची गिटार ट्रायलच्या दिवशी नीट बघितलेली. पिवळी पडलेली, कडा उडालेल्या, रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. तिच्याकडे बघूनच वाटतं, हिने शंभर स्टेज पाहिलीत.
आणि मी निघताना तो पेंटर काय म्हणाला? "ताई, उन्हातून एकदम गारव्यात नेऊ नका. हा रंग तडकतो."
तडकतो!
थँक्यू पेंटरदादा.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाची सुट्टी. सकाळपासून कामाला. कडांना पॉलिशपेपर. खाली, उजवीकडे, वीतभर रंग लाकडापर्यंत उडवला, फणसाचा पिवळा दिसेपर्यंत. चाव्यांचा जुडगा घेऊन पाठीवर आपटला. आवाज पंधरा घरं गेला. स्क्रू मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीत. पुढची पांढरी प्लास्टिकची पट्टी कडक चहात रात्रभर ठेवणार.
आई: "महिनाभर घासून गुलगुलीत केलीस, नि आता कनाला ओरबाडतेस गो?"
"जुनी दिसायला पाहिजे."
"खाडीवर ठेव. खारं वारं दोन वर्षांत करंल जुनी."
"नवरात्र दीड महिन्यावर आलंय आई."
डोक्यावर हात मारून मासळी विकायला बाजारात गेली.

१८ ऑगस्ट, शुक्र.
आजचा दिवस विसरायचा नाही.
नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, बर्फाच्या पेट्या यायला लागल्या. श्रावणात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बर्फ उरतो. आईला विचारलं. वाटलं ओरडेल. ती भर दुपारी बाजारातून पाटी घेऊन आली, बर्फ गोणपाटात बांधलेला. "घे. वितळायच्या आत कर कं करायचं त्ये."
मान काढून ठेवलेली, तारा, कॉइल, सगळं उतरवलेलं. नुसतं धड गच्चीच्या उन्हात. नशिबाने ऊन कडक. हात लावला तर चटका. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ माशांच्या पेटीत, वरून बर्फ.
आई, मी, मामा, तिघं पेटीला कान लावून.
टिक.
मग काहीच नाही. मग टिक टिक. मग पापड भाजल्यासारखं तडतडतडतड!
मामा म्हणाला, "बोलतंय!" आई तोंडाला पदर लावून हसत होती.
चार वेळा ऊन, चार वेळा बर्फ. बाहेर काढून भेगांवर काळं बूटपॉलिश चोळलं, पुसलं. भेगांच्या नक्षीत काळी रेघ बसली. तीस वर्षांची गिटार! पाच आठवड्यांपूर्वी फळी होती!

२० ऑगस्ट
एक प्रॉब्लेम. वास. प्लास्टिक फाटलं असणार. भेगांत बोंबील बसलाय. लिंबू, ऊन, ऊद. थोडा कमी. थोडाच.

२५ ऑगस्ट, शुक्र.
पे.नी गिटारची केस उघडली आणि "अरे बापरे" एवढंच म्हणाले. दिव्याखाली नेली. भेगा निरखल्या. गंजलेल्या स्क्रूवरून बोट फिरवलं. "कुठून मिळवलीस?"
"मामाकडून आली."
खोटं नाही. पण खरंही...
"मामा बोटीवर असतात?"
"बोटींचंच काम आहे."
पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. बंदर, गोरा खलाशी, साठ सालच्या आसपासचं मॉडेल. मी गप्प. वाजवून दाखवली. टेंभीनाक्याजवळच्या नवरात्राच्या कार्यक्रमात मी पक्की!!! सामंतकाकांच्या शेजारी उभी राहणार! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.
मग का कोण जाणे, आईला सांगताना "त्यांना आवडली" एवढंच सांगितलं. खलाशाचं नाही सांगितलं.

१ सप्टेंबर, शुक्र.
तालीम. चहाच्या सुट्टीत सामंतकाका: "बघू गं." मांडीवर घेतली. डोळे मिटून वाजवली, खूप वेळ. माझी गिटार त्यांच्या हातात! मग उलटीसुलटी केली. उडालेल्या रंगावर बोट ठेवलं.
"गिटार उभ्याने वाजवतेस ना? कोपर कुठे टेकतं?"
दाखवलं. वरच्या कडेला.
"मग तिथला रंग जायला हवा. हा खालचा कुणी घासला?"
त्यांनी गिटार नाकाशी नेली, हुंगली. आणि असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी.
हळूच विचारलं, "कॉइल कुणी गुंडाळली?"
"मी."
"लाकूड?"
"फणस. मामाने कापलं."
"माझ्यासाठी एक करशील? हलकी. खांद्याला झेपेल अशी. आणि नवीच राहू दे."
पे.ना काही बोलले नाहीत. जाताना मला फक्त, "तू सांग. मी सांगणार नाही."

१० सप्टेंबर
गणपतीचा कार्यक्रम, कळव्याला. एकाच गाण्यापुरती मला पुढे काढली. टाळ्या! शिट्ट्या! कोळीवाड्यातल्या पोरी पुढे येऊन नाचल्या. आई-बाबा मागे उभे होते, बाबांनी इस्त्रीचा सदरा घातलेला.
उतरले तर पे. खुशीत. "शुक्रवारी तालमीला मुंबईहून एक वादक येतायत, तुझी गिटार बघायला. जुन्या गिटारींचे शौकीन. विकायची नाही म्हण, पण दाखवू. आणि पोस्टरवरही टाकलंय, परदेशी गिटारसह."
जेवण गेलं नाही.

१५ सप्टेंबर, शुक्र.
सांगितलं.
तीन तास आधी पोचले, वादक मुंबईहून निघायच्या आत. पे. एकटे माइक तपासत होते, सामंतकाका कोपऱ्यात तारा बदलत. एका दमात सगळं. मान कल्याणची, धड मामाचं, कॉइल माझी, भेगा बर्फाच्या. "तुम्ही खलाशी म्हणालात तेव्हा मी गप्प बसले. माझं चुकलं."
पे. खुर्चीत बसले. "मला वेडा बनवलंस?"
"हो. म्हणजे... तसं करायचं नव्हतं."
"पोस्टर चिकटलीत, पोरी! त्या माणसाला काय सांगू?"
सामंतकाका तारेवरून नजर न उचलता म्हणाले, "कळव्याला टाळ्या पडल्या तेव्हा गिटारचा पासपोर्ट कुणी मागितला नव्हता."
पे.नी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिटार हातात घेतली, मागून, पुढून. भेगांवर नख फिरवलं. "बर्फ?" एवढंच. मग फोन करायला खाली गेले, त्या वादकाला येऊ नका सांगायला. परत आल्यावर म्हणाले, "आज तालीम नको तुझी. कळवतो."
परत येताना रडले नाही. हलकं हलकं वाटत होतं. मग घरी आल्यावर रडले.

१९ सप्टेंबर
निरोप नाही. शेजारच्या काकीकडे दोनदा फोन वाजला, दोन्ही वेळा तिच्या भावाचा.
मामाने सामंतकाकांसाठी फळी काढली. पांगारा, पिसासारखी हलकी. या वेळी माप बाराव्या पडद्यापासून, दोनदा! कुलकर्णीबाई विचारत होत्या, पुढचं रीळ ठेवू का. ठेवा म्हटलं. आतून भगभगतंय, पण हात लाकडाला लागला की पुन्हा तसंच, जुलैसारखं. आत पोकळी ठेवली तर आवाज कसा येईल? करून बघायलाच पाहिजे!

२२ सप्टेंबर, शुक्र.
निरोप नाहीच. नवरात्र आठवड्यावर. आज चारला तालीम.
सकाळपासून केस उघडते, लावते. आईने मासे निवडता निवडता बघितलं.
"जायाचं नाय का?"
"बोलावलं नाही आई त्यांनी."
"नको म्हनाला का?"
"नको असंही नाही म्हणाले. कळवतो म्हणाले."
"मग कं, तालमीला पत्रिका छापतात? जा नि उभी ऱ्हा. त्याच्या तोंडानं नको म्हनंल तेव्हा ये."
तारा बदलल्या. सूर लावला. तेवीस नंबरच्या बसने स्टेशन गाठायचं की चालत, हा विचार करत ही ओळ लिहितेय, म्हणजे निघायचं लांबवतेय.
पावणेतीन झाले. निघते.