आगदेवीला रागवायची रीत

प्रिय आईस, तुझ्या शेंडेफळाचा दुरून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला केव्हाच पळाला.

काल आमच्या बेकरीची भट्टी काही केल्या पेटेना. मिस्त्रीने हात टेकले. मग मीच आपल्या घरच्या रीतीने आगदेवीला खडसावलं, "ऊठ गं कार्टे! पाऊसदादा, वारादादा कधीचे कामाला गेले!" आणि बाई भडकली की! आता रोज सकाळी हा मान माझाच.

सगळ्यांना गोष्टही सांगितली, की देवांमधली ही धाकटी लाडीगोडीला भीक घालत नाही. आपलं माणूस रागावलं तरच येते.

ताईने कळवलं, की आई, तुझा आवाज बसलाय. मग घरी चुलीला कोण रागावतं?

हल्ली तुझ्या पत्रांत नुसतं "जप हो बाळा" असतं. एवढी का मी परकी झाले? एकदा चांगलं झाप ना, आई.

तुझीच,
कार्टी